कपडे कोण सांभाळणार?

माझी आई साठी ओलांडल्यावर पोहायला शिकली, हे मी नवीन ओळख झाली की लगेच सांगून टाकते. नवरा म्हणतो, "आधी समोरच्याचं नाव तरी विचारत जा." तो पुण्याचा, त्याला दुसऱ्याच्या आनंदात दुरुस्त्या सुचवायची सवय आहे. सांगते तर सांगते! लोक मुलांचे स्पेलिंग स्पर्धेतले कप दाखवतात, नव्या घराचा किचन काउंटर हात फिरवून दाखवतात, ते आपण मुकाट्यानं बघतोच ना? मग माझ्या आईबद्दल ऐकायला काय हरकत आहे.

गोष्ट २००७ची. आम्ही सांता क्लाराला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि आई-बाबा नागपूरहून पहिल्यांदाच आले होते, सगळ्यांचे आईवडील येतात तसे सहा महिन्यांसाठी. मार्चमध्ये आले, ऑगस्टअखेर परत जायचे होते. बाबांचं झकास चाललं होतं. ते कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेले. त्यांना लायब्ररीचं कार्ड काढून दिलं आणि त्यांचा प्रश्न मिटला. सकाळी नकाशे, दुपारी नकाशे, आणि संध्याकाळी मी ऑफिसमधून दमून आले की भूकंपाची भेग आपल्या घरापासून नेमकी कुठून जाते ते मला समजावून सांगायचे. आईला मात्र घर खायला उठायचं. टीव्हीवरचं काही कळेना, फिरायला जावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. "मी इथं करून काय राहिली? तुमचे डबे भरून राहिली," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली कॉम्प्लेक्सचा स्विमिंग पूल दिसायचा. मे महिन्यात तो उघडला आणि आईच्या पोळ्या करपायला लागल्या. माझ्या आईची पोळी करपणं ही किती मोठी गोष्ट आहे ते आमच्या नातेवाइकांना विचारा. एका शनिवारी मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि ती कुठं बघतेय ते बघितलं. खाली एक म्हातारी बाई रबरी टोपी घालून संथपणे पाणी कापत चालली होती. टोपीवर पिवळी फुलं होती.

"कशी चालली आहे पाहा," आई म्हणाली. "जराही धडपड नाही."

आणि मग तव्यावर पोळी तशीच ठेवून तिनं मला एक गोष्ट सांगितली. तोवर तिनं ती मला कधीच सांगितली नव्हती. तिच्या माहेरी मळ्यात विहीर होती. उन्हाळ्यात तिचे सगळे भाऊ पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारायचे. आई त्यांच्यात सगळ्यात धाकटी. तिनं थोरल्या भावाला म्हटलं, दादा, मलाही भोपळा बांध. तर मामा म्हणाला, "तू पाण्यात आल्यावर आमचे कपडे कोण सांभाळणार?" झालं. आई विहिरीच्या काठावर सगळ्यांचे सदरे मांडीवर घेऊन बसायची. वारा सुटला की टोप्या उडायच्या, त्या पकडायला धावायची. असे सगळे उन्हाळे गेले. पुढं भोपळे नाहीसे झाले, तिचं लग्न झालं, विहीरही बुजली.

ती हे हसत सांगत होती. मला मात्र संताप आला. मी तापट आहे, त्यात वाद नाही. "मामाला आत्ताच्या आत्ता फोन लावते," म्हटलं.

"आता लावून काय? सत्तरीचा झाला तो. त्याला लुंगी सांभाळता येऊन नाही राहिली आता," आई म्हणाली आणि करपलेली पोळी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

"मग आता उतर पाण्यात," मी म्हटलं. "तुझा पूल आहे. आपण भाडं भरतो."

दुसऱ्या दिवशी रविवारी ती उतरली. सुती पंजाबी ड्रेस घातला, ओढणी दोन पिनांनी पक्की केली, आणि पायऱ्यांवरून कंबरभर पाण्यात जाऊन कठडा धरून उभी राहिली. चेहरा असा काही फुलला होता की काय सांगू! तेवढ्यात कॉम्प्लेक्सची मॅनेजर आली. बोलली अगदी गोड, पण बोलली ते हेच, की रोजचे कपडे घालून पूलमध्ये उतरता येत नाही, सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, पाटीवर लिहिलं आहे. मी भडकले. इकडचा नियम, तिकडचा नियम, मोठमोठ्यानं काय काय बोलले. पण आई केव्हाच बाहेर निघाली होती. ड्रेस अंगाला चिकटलेला, पाणी ठिबकतंय, आरामखुर्च्यांवरची माणसं बघतायत, आणि ती ओढणी लपेटून खाली मान घालून जिन्याकडं चाललीय. मला तो पूल कुदळीनं फोडावासा वाटला.

वर येऊन तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात तीच पिवळ्या फुलांच्या टोपीवाली बाई, मागे तिची सून. खालच्याच मजल्यावर राहायच्या. माणसं व्हिएतनामची. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, सून आमच्यासारखीच ऑफिसला जाणारी. बाईंनी पिशवीतून स्वतःचे पोहायचे कपडे काढले: लांब बाह्यांचा निळा शर्ट आणि घोट्यापर्यंत येणारी तशीच विजार. आईच्या खांद्याला लावून माप बघितलं. मग बोटानं खाली पूल दाखवला, मग स्वतःची छाती, मग आई.

सून म्हणाली, "त्या म्हणतायत की असे कपडे दुकानात मिळतात. ते घातले की कोणी काही बोलणार नाही. आणि पोहायला त्या शिकवतील. त्या दा नांगच्या आहेत. तिथं समुद्र घराच्या अंगणात असतो."

आई त्यांच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "चहा घेता का, ताई?" त्या क्षणापासून त्या ताई झाल्या. त्या आईला त्यांच्या भाषेत एक शब्द म्हणायच्या, त्याचा अर्थ धाकटी बहीण असा आहे, हे सुनेनं पुढं कधीतरी सांगितलं.

कपडे घ्यायला मॉलमध्ये गेलो तर आई एकेक तुकडा दोन बोटांत उचलून बघत होती. "अगं माय! हे तर पूर्ण सुरूही झालं नाही." शेवटी ताईंसारखाच निळा शर्ट-विजार मिळाला. घरी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "सर्कशीतली दिसून राहिली मी." पण बघत होती बराच वेळ, दोन्ही बाजूंनी.

बाबांचा विरोध होताच. "या वयात? अगं, काही झालं म्हणजे? व्हिजिटर इन्शुरन्समध्ये हे बसून नाही राहिलं!" आता खरी गोष्ट अशी, की बाबांनी उभी हयात पोरांना भरती-ओहोटी शिकवली, सगळ्या महासागरांचे प्रवाह त्यांना तोंडपाठ, पण पाण्याची त्यांना भयंकर भीती. गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा पँट दुमडून घोट्यापर्यंत गेले आणि लाट आली तसे मागच्या मागे पळाले. ती भीती ते आईच्या नावावर खपवत होते. आईनं त्यांचं ऐकून घेतलं, पोळ्या केल्या, आणि खाली गेली.

ताईंची शिकवायची पद्धत गमतीची. भाषा नाही, तेव्हा सगळं करून दाखवायचं. नाकात पाणी जाऊ नये म्हणून पाण्याखाली तोंड मिटून गुणगुणायचं. आईला गुणगुणायला येतं काय, तर आरती. तिनं आरतीची चाल धरली आणि पाण्यातून बुडबुडे वर यायला लागले. आठवड्याभरात ताईही तीच चाल गुणगुणायला लागल्या. सकाळी मी खिडकीत कॉफी घेऊन उभी असायचे आणि खाली दोन म्हाताऱ्या पाण्यात तोंड घालून आमच्या देवघरातली आरती करतायत! आई मान ताठ वर धरायची, त्यानं पाय बुडायचे. ताई तिच्या कपाळावर तळवा ठेवून मान खाली दाबायच्या, ती पुन्हा वर करायची. त्या ओरडायच्या, ही हसायची, हसली की बुडायची. जून गेला त्यात. आणि जुलैमध्ये एका सकाळी आईनं कठडा सोडला आणि ती थेट समोरच्या कठड्याला जाऊन लागली. मध्ये कुठं थांबली नाही, कशाला धरलं नाही. मी वरून एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा खिडकीत आला.

मराठी मंडळाच्या पिकनिकला मी ही बातमी माइकवरून सांगायचीच काय ती बाकी ठेवली. काकूंचा घोळका तोंडाला हात लावून, "अगंबाई, या वयात!" एकीची छोटी नात पुढं येऊन आईला म्हणाली, "आजी, यू आर सो कूल." आईला एवढं इंग्रजी कळत होतं. तिनं तिला पर्समधली चिक्की दिली.

पण आईच्या मनात वेगळंच होतं. पिकनिकहून येताना गाडीत म्हणाली, "ही टाकी आहे. हिचा तळ दिसतो. मला एकदा खऱ्या पाण्यात पोहून पाहायचं आहे. जिथं तळ दिसत नाही." आणि थोड्या वेळानं, "नागपुरात परत गेली की संपलं हे. तिथं कोण मला पूलवर घेऊन जाणार? जे काय व्हायचं ते इथंच."

मग आम्ही तिला सांता क्रुझला नेलं. पॅसिफिक तो! पाय टाकला आणि बधिर झाला. पाणी बर्फ, लाटा अंगावर धावून येणाऱ्या, आणि बाबा मागून, "पाहिलं? अलास्काहून येणारा थंड प्रवाह आहे हा!" तो प्रवाह आपणच सोडल्यासारखे खूश. आई परत गाडीत येऊन बसली. ताईंना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. सुनेकरवी म्हणाल्या, हा समुद्र बघायचा, आमचा उतरायचा. आमचा कोमट असतो. सकाळी जायचं. "सकाळी" म्हणताना त्यांनी हात अगदी जमिनीजवळ नेऊन दाखवला. ते काय ते आम्हाला तेव्हा नीट कळलं नाही.

त्या रात्री जेवताना मीच म्हटलं, परत जाताना वाटेत दा नांग करू. माझ्या पासपोर्टातला अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का अजून चालू होता, सुट्टी शिल्लक होती. मी तुमच्याबरोबर तिथवर येते, मग सिंगापूरहून तुम्ही मुंबईकडं, मी इकडं. नवऱ्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, तो आला नाही. आईनं निळे कपडे बॅगेत सगळ्यात आधी ठेवले.

बाबांनी मात्र दा नांग म्हटल्यावर लायब्ररीतलं होतं नव्हतं ते पुस्तक आणून वाचलं. विमानातून उतरेपर्यंत त्यांचा टूर मॅनेजर झाला होता. "सकाळी साडेसातला ब्रेकफास्ट, साडेआठला गाडी, कोणी उशीर करायचा नाही." आम्ही होतो तिघं, त्यात उशीर करणारे तेच.

पहिल्या दिवशी संगमरवराचे डोंगर. शहराच्या दक्षिणेला सपाट वाळूतून एकदम उठलेले पाच सुळके आहेत, पाच तत्त्वांची नावं त्यांना. बाबा चढता चढता सांगत होते, "आपली पंचमहाभूतं वेगळी, यांची वेगळी. यांच्यात आकाश आणि वायू नाही, लाकूड आणि धातू आहे. पृथ्वी, आप, तेज मात्र दोघांचं एक." आत गुहा आहे, वर छताला भोकं, त्यातून उन्हाचे पट्टे खाली मूर्तीवर पडतात आणि उदबत्त्यांचा धूर त्या पट्ट्यांत हळूहळू वर जातो. पायथ्याच्या गावात घरोघरी दगड कापायचं काम चालू, माणसांच्या भुवयांवर पांढरी भुकटी. आईनं सगळं नीट बघितलं, कौतुकही केलं. पण डोंगरमाथ्यावर पोचलो तेव्हा आम्ही दोघं देवळाकडं वळलो आणि ती उलटीकडं. खाली समुद्र पसरला होता, लांबच लांब, एकसारखा.

"हाच आप ना?" तिनं बाबांना विचारलं.

उतरल्यावर मी गाडी सरळ 'मी खे' नावाच्या किनाऱ्यावर घ्यायला लावली. भर दुपार. वाळू तव्यासारखी, पाय ठेवता येईना. आणि आख्ख्या किनाऱ्यावर एक माणूस नाही! बाबांना आयतंच मिळालं. "पाहा. एवढा सुंदर बीच आणि एकही माणूस पाण्यात नाही. काहीतरी कारण असल्याशिवाय का?" आईनं इकडं तिकडं बघितलं. ताईंच्या गावची माणसं कुठं गेली ते तिलाही कळेना. "चला," म्हणाली. तिथून चाम लोकांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या हिंदू राज्याच्या, संग्रहालयात गेलो. तिथं शिवलिंगं, गणपती, नाचणाऱ्या अप्सरा, सगळं आपलं घरचंच. आई चप्पल काढून आत जायला लागली तेव्हा पहारेकरी गोंधळला.

दुसऱ्या दिवशी 'मी सन' नावाचं ठिकाण. डोंगरांच्या कुशीत विटांची जुनी शंकराची देवळं, अर्धी पडलेली, युद्धात बॉम्ब पडून झालेले खड्डे अजून शेजारी तसेच. बाबा हरखून गेले. हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत शिलालेख, आणि त्यातलं एखादं अक्षर त्यांना लागलं की लहान मुलासारखे ओरडायचे. मला त्यांचा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. पण ते तिथून हलेनात. माझा जीव वरखाली होत होता. परत किनाऱ्यावर आलो तेव्हा संध्याकाळ, आणि आता माणसंच माणसं. पोरं फुटबॉल खेळतायत, वारा सुटलेला, लाटा कालच्यापेक्षा मोठ्या. आई साडीत होती, निळे कपडे पिशवीत. बदलायला कुठं जागा दिसेना. ती पाण्याकडं गेली, निऱ्या उचलून धरल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. आपल्याकडच्या सगळ्या बायका उभ्या राहतात तशी.

मी भडकले. "बाबा, आपण इथं दगड बघायला आलो नव्हतो!"

"दगड? अगं, हजार वर्षांची देवळं आहेत ती!"

"अजून हजार वर्षं राहतील! उद्या दुपारी विमान आहे आपलं!"

आई मागून आली. "दोघंही चूप बसा. मी काही हट्ट धरून नाही बसली. पाय भिजले ना, पुष्कळ झालं." आणि वाळूत काढून ठेवलेल्या आमच्या तिघांच्या चपला उचलून, हातात घेऊन चालायला लागली. तिच्या हातातल्या त्या चपला मी बघितल्या. बाबांनीही बघितल्या असाव्यात. जेवण झाल्याबरोबर ते उठले आणि बॅगा भरायला बसले.

कॅलिफोर्नियाची झोप अंगात होती, म्हणून पहाटे चारलाच आम्ही तिघंही टक्क जागे. आई हॉटेलच्या खिडकीशी उभी होती. "इकडं ये," म्हणाली. "हे काय चाललं आहे?"

खाली रस्त्यावर अंधारात माणसं चालली होती. दोन-चार नाही, रांगाच्या रांगा. म्हातारे, बाया, पोरं कडेवर घेतलेल्या आया. सगळी समुद्राकडं. एक आजी सायकलवरून, खांद्यावर टॉवेल. बायकांच्या अंगात फुलाफुलांचे सुती सदरे आणि तशाच विजारी, घरात घालायचे असतात ना, तसे. आईनं माझ्याकडं बघितलं. ताईंनी हात जमिनीजवळ का नेला होता ते आम्हाला दोघींना एकदम कळलं. सकाळ म्हणजे ही. सूर्य जमिनीला टेकलेला असतानाची.

"निळे कपडे काढ," मी म्हटलं.

बाबा कॉटवर उठून बसले. त्यांचा चेहरा पडला. रात्री त्यांनी बॅगा भरल्या होत्या, कुलपं लावली होती, वरून दोऱ्या आवळल्या होत्या. त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी सोडवायला कात्री लागते, आणि कात्री बॅगेत. "मी सोडतो," म्हणत ते गाठींशी झटायला लागले. निळे कपडे अगदी तळाशी होते.

आईच्या अंगात पंजाबी ड्रेस होता, विमानात घालायला काढलेला. तोच सुती, तीच पिना लावलेली ओढणी. तिनं खिडकीतून आणखी एकदा त्या बायकांकडं बघितलं. "राहू द्या," म्हणाली. "सगळ्या अशाच चालल्या आहेत."

आणि निघालीसुद्धा! लिफ्टची वाट बघितली नाही. आम्ही दोघं तिच्या मागे, बाबा बनियनवर शर्ट चढवत.

काल दुपारी ओसाड पडलेला किनारा गजबजला होता. पूर्वेला आत्ता कुठं तांबडं फुटत होतं. पाणी शांत, लाट अशी नाहीच, नुसती हालचाल. आणि पाण्यात डोकीच डोकी. बायका कपड्यांसकट उतरून, गळ्याइतक्या पाण्यात गोल करून गप्पा मारत होत्या. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. आई काठाशी थांबली. चष्मा काढला, घड्याळ काढलं, ओढणीच्या पिना काढल्या, चपला काढल्या, आणि ते सगळं हातात धरून इकडं तिकडं बघायला लागली. कुठं ठेवावं ते कळेना. वाळू ओली, माणसांची ये-जा. सवयीनं ती दोन पावलं मागं सरकली.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. घड्याळ स्वतःच्या घड्याळाशेजारी मनगटावर बांधलं. ओढणी गळ्यात घेतली. चपला हातात. "जा," म्हणाले. "मी आहे इथं."

आई पाण्यात शिरली. मी तिच्याबरोबर छातीभर पाण्यापर्यंत गेले, त्याच्यापुढं माझी हिंमत नाही. पाणी खरंच कोमट होतं. तिनं एकदा माझा खांदा धरला, सोडला, तोंड पाण्यात घातलं आणि माझ्या कानाशी बुडबुड्यांतून आरती सुरू झाली. मग ती निघाली. मान खाली, पाय वर, जराही धडपड नाही. बायकांच्या घोळक्याला वळसा घालून ती पलीकडं गेली, जिथं तळ दिसत नव्हता. समोरून सूर्य वर आला आणि मला ती दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली, परत येताना. माझी आई! एकदा तोंड वर काढून तिनं शेजारून पोहणाऱ्या एका म्हातारीला मराठीत विचारलं, "काय, रोज येता का?" त्या बाईनं तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. मला भर समुद्रात रडू फुटलं, आणि खारट पाण्यात ते कोणाला कळलं नाही.

मागं वळून बघितलं तर बाबा पाण्यात उभे. ते पुढं कधी आले त्यांनाच माहीत नव्हतं. गुडघ्याच्या वर पँट भिजलेली, लाट येऊन आदळत होती, पण ते मागं सरले नाहीत. ओढणी भिजू नये म्हणून त्यांनी ती डोक्याला गुंडाळली होती आणि चपला खांद्याइतक्या उंच धरल्या होत्या. नजर आईवर.

मी बाहेर येताना बाबांच्या शर्टाच्या खिशातून कॅमेरा घेतला आणि एक फोटो काढला. त्यात बाबांची पाठ आहे, डोक्यावर गुलाबी फेटा, वर दोन चपला, आणि पुढं पाण्यात शंभर डोकी. विमान दुपारी वेळेवर सुटलं. फुकटचा ब्रेकफास्ट बुडाला, त्याची हळहळ बाबा सिंगापूरपर्यंत करत होते.

सांता क्लाराला आल्यावर पहिल्या सकाळी मी कॅमेरा घेऊन खाली पूलवर गेले. ताईंनी ओले हात टॉवेलला पुसले, चष्मा लावला. बराच वेळ त्यांनी किनाराच बघितला, बोट फिरवत. मग त्या शंभर डोक्यांतल्या एकावर नख टेकवलं. आईचंच होतं. बाहेर येता येता तिनं मान वर काढलेली होती. ताईंनी जीभ टाळूला लावून च्च केलं, स्वतःच्या कपाळावर तळवा ठेवून दाबून दाखवला, आणि हसल्या. मग तोंड फिरवून डोळे टिपले.

शनिवारी नागपूरला फोन लावला. थोरला मामा गावाहून आईला भेटायला आला होता. आई म्हणाली, "सांगितलं मी दादाला. समुद्रात पोहून आली म्हटलं. भोपळा न बांधता."

"मग? काय म्हणाला?"

"चहा पिऊन राहिला होता, कप खाली ठेवला. मग हळूच म्हणे, 'आणि कपडे कोणी सांभाळले?'"

"तू काय सांगितलं?"

"म्हटलं, ह्यांनी."

मागून बाबांचा आवाज आला, फोनपासून लांब, पण खणखणीत: "त्याला नीट सांग म्हणावं! ओढणीचं टोकसुद्धा भिजू दिलं नाही मी!"